उंबरठ्याच्या आतली स्वच्छता

मुलाच्या अंगावरचा गोवर ओसरला की अनेक घरांत साफसफाईचा दिवस ठरतो. कडुलिंबाचा पाला घातलेल्या पाण्याने मुलाला न्हाऊ घालतात, गोधड्या उन्हात पडतात, चादरी उकळल्या जातात आणि फरशी फिनेलने पुसली जाते. निव्वळ रूढी म्हणून या खटाटोपाला हसण्याचे कारण नाही. देवीच्या साथी येत असत त्या काळी, खपल्या व स्राव लागलेली अंथरुणे-पांघरुणे संसर्गाचे साधन ठरत. ती उकळणे वा जाळणे शहाणपणाचेच होते. देवीचे जगातून उच्चाटन झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. सवय मात्र मागे उरली.

गोवराची रीत निराळी आहे. त्याचा विषाणू खोकल्या-शिंकांतून हवेत पसरतो व रोगी खोलीतून गेल्यावरही तेथे सुमारे दोन तास टिकू शकतो. गोधडीत तो आठवडेच्या आठवडे दबा धरून बसत नाही. शिवाय पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून नंतरच्या चार दिवसांपर्यंत मूल इतरांना रोग देत असते. म्हणजे फिनेलची बाटली उघडते तेव्हा शेजारच्या मुलांना व्हायचा तो संसर्ग होऊन गेलेला असतो.

हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही, अर्थशास्त्राचाही आहे. पाणी विकत घ्यावे लागते अशा वस्तीतील एका खोलीच्या घरात ही साफसफाई स्वस्त पडत नाही. तिच्यापायी आईचा दिवसाचा रोज बुडतो आणि तिचे श्रम तर कोणत्याच हिशेबात धरले जात नाहीत. गोवरातून उठलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती काही काळ खालावलेली असते. न्यूमोनिया व जुलाबाचे भय तेव्हाच अधिक. अशा वेळी हाताशी असलेले थोडके पैसे सकस अन्नावर आणि औषधोपचारावर खर्च होणे अधिक श्रेयस्कर. खिडक्या उघड्या ठेवणे, साबणाने हात धुणे, रुमाल व कपडे नेहमीप्रमाणे धुणे एवढे घरापुरते पुरे. विष्ठेवाटे पसरणाऱ्या जुलाब-काविळीत मात्र संडासाची व हातांची स्वच्छता काटेकोरपणे राखलीच पाहिजे.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्तीत गोवराची साथ उसळली, बालके दगावली. रोग्यांत लस न घेतलेली अनेक मुले होती. गोवराची साथ रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के मुलांना लशीच्या दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. आपल्याकडे पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांच्या व दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या वयात दिली जाते. रोजंदारीवरच्या आईला कामाच्या वेळेतच दवाखाना गाठावा लागत असेल, तर ती मात्रा नावापुरतीच मोफत राहते. संध्याकाळी व सुटीच्या दिवशी वस्तीतच लसीकरण करणे हे शासनाचे व महापालिकांचे कर्तव्य ठरते.

घराची स्वच्छता उंबरठ्याशी थांबते. शेजारच्या तान्ह्या मुलाचे रक्षण तिने होत नाही. ते काम लसच करू शकते आणि ती घरोघर पोचवण्याचा भार एकट्या आईवर टाकून चालणार नाही.