लिफ्ट उचलेना, म्हणून स्प्रिंग कसू नका

जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट नांगर उचलेनाशी झाली की गिऱ्हाईक म्हणतं, "उस्ताद, रिलीफ व्हॉल्व्ह जरा कसून द्या." आम्ही कापडाच्या धंद्यातले, पण एवढं आम्हालाही कळतं, की कापड ताणून मोजलं म्हणून वाढत नाही. तसाच स्प्रिंग कसून थकलेल्या पंपात जोर येत नाही.

रिलीफ व्हॉल्व्हचं काम राखणदारीचं. दाब मर्यादेपुढे गेला की स्प्रिंग दबते आणि जादा तेल टाकीत परत जातं. ही मर्यादा मॉडेलप्रमाणे वेगळी. अनेक जुन्या ट्रॅक्टरांत २,००० ते ३,००० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे सुमारे १४० ते २१० किलो प्रति चौरस सेंटिमीटर.

म्हणून आधी तेलाची पातळी, जाळी आणि गळती पाहावी. मग तेल गरम करून गेज लावावं. स्क्रू असेल तर लॉकनट सैल करून पाव आटाच फिरवावा. स्प्रिंगमागे शिम असेल तर एकेकच वाढवावी. दर वेळी गेज बघावं, कंपनीच्या आकड्यापुढे जाऊ नये. अंदाजाने कसलं तर होज फुटतो, पंप तडकतो.

खोलण्यापूर्वी अवजार जमिनीवर, इंजिन बंद. गळती हाताने कधीही शोधू नये. दाबाखालचं तेल कातडीत शिरतं. जखम सुईएवढी दिसली तरी लगेच इस्पितळ गाठावं.

पंप गेला असेल तर आपल्या कारागिरांनी तसं साफ सांगावं. गिऱ्हाईक आज नाराज होईल, पण उद्या विश्वासाने परत येईल. हलाल रोजीची बरकत ती हीच.