भाच्याच्या हॉटेलात दुपारचं जेवण

दिवाळीच्या सुट्टीत दुबईला निघालो तेव्हा बाजींनी आमच्याबरोबर तीन गोष्टी दिल्या. कोकमं, तांदळाच्या पिठाचा डबा आणि एक काम. काम असं, "त्याच्या हॉटेलात स्वतः जाऊन बसा. काय शिजवतो, काय खातो, कमाई हलाल आहे की नाही, ते डोळ्यांनी बघा आणि मला सांगा."

तो म्हणजे बाजींचा मुलगा, आमचा भाचा. हॉटेल मॅनेजमेंट शिकून चार वर्षांपासून दुबईतल्या एका बड्या स्टेकहाउसच्या किचनमध्ये ग्रिलवर उभा असतो. स्टेकहाउस म्हणजे मांसाचे जाड काप निखाऱ्यावर भाजून देणारं हॉटेल. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात घरटी एक माणूस आखातात आहे. कोणी ड्रायव्हर, कोणी ऑफिसात, कोणी जहाजावर. बावर्ची मात्र हा एकटाच. बाजींना आधीच ते थोडं कमीपणाचं वाटायचं. त्यात त्या हॉटेलात दारूही मिळते, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं.

भाच्याला सांगितलं तर तो खूश झाला. म्हणाला, "खाला, रात्री नको. मंगळवारी माझी सुट्टी आहे, दुपारी जाऊ. बिझनेस लंच असतो." रात्री तिथे रिबआय स्टेकची एक प्लेट 390 दिरहमला. दुपारी मात्र सूप किंवा सॅलड, मुख्य पदार्थ आणि गोड, असं तिन्ही मिळून 145 दिरहम. आपल्या हिशेबाने माणशी सव्वातीन हजारांच्या वर. आमच्या ह्यांनी मनातल्या मनात त्याचे मटणाचे किलो करून पाहिले असणार, चेहऱ्यावरून कळत होतं.

मेट्रोने फायनान्शियल सेंटरला उतरलो. जवळच्या मशिदीत जोहर अदा केली आणि आत शिरलो. दाराशीच काचेचं एक थंड कपाट होतं आणि त्यात मांसाचे मोठे तुकडे टांगलेले. वरून काळपट, सुकलेले. आम्ही थबकलो. भाचा म्हणाला, हे खराब झालेलं नाही. तीन-चार आठवडे गारठ्यात, कोरड्या हवेत ठेवलं की पाणी उडतं, चव दाट होते आणि मांस आपोआप मऊ पडतं. वरचा सुकलेला थर कापून टाकतात. वजन घटतं, म्हणून दर चढतो. दुपारच्या जेवणात यातलं काही नसतं, हेही त्याने लगेच सांगून टाकलं.

मग दुपारी स्वस्त कसं परवडतं? भाडं आणि पगार तर हॉटेल रिकामं असलं तरी चालूच. म्हणून दुपारची टेबलं कमी नफ्यातही भरलेली बरी. पदार्थ मोजके, त्यामुळे तयारी सकाळीच होते आणि फुकट काही जात नाही. न्यूयॉर्कमध्ये 1992 साली 'रेस्टॉरंट वीक' सुरू झाला. मोठ्या हॉटेलांनी तीन पदार्थांचं दुपारचं जेवण सालाच्या आकड्याएवढ्या किमतीत दिलं, 19.92 डॉलरला. आता जगभरच्या शहरांनी ती पद्धत उचलली आहे.

दुसरं कारण मांसाच्या भागात. फिले आणि रिबआय हे पाठीच्या बाजूचे भाग. जनावर ते स्नायू फार वापरत नाही, म्हणून ते मऊ आणि महाग. दुपारच्या यादीत होता 'फ्लॅट आयर्न'. हा खांद्याचा. खांद्याचं मांस कडक असतं असंच सगळे समजत. पण अमेरिकेत नेब्रास्का आणि फ्लोरिडा विद्यापीठांच्या अभ्यासकांनी जनावराचा एकेक स्नायू तपासला, तेव्हा खांद्यातला हा एक तुकडा चांगलाच मऊ निघाला. मधोमध एक चिवट पडदा असतो, तेवढा काढला की झालं. आपल्याकडचा कसबी खाटीक हे न शिकताही सांगेल, असं आम्हांला वाटून गेलं.

वेटर आला. पहिला प्रश्न, "स्टिल ऑर स्पार्कलिंग?" खरी मेख इथे असते. जेवणाच्या दरात पाणी धरलेलं नसतं आणि बाटलीचे पैसे भरपूर लावतात. भाच्याने साधं फिल्टरचं मागितलं. आम्हांला उगाच ओशाळल्यासारखं झालं. तो अगदी सहज होता.

मेनूवर काही पदार्थांपुढे छोटा 'ए' होता. म्हणजे त्यात अल्कोहोल आहे. मिरीच्या सॉसमध्ये ब्रँडी, बेअर्नेज सॉसमध्ये वाइन, गोडातल्या तिरामिसूतही तेच. मांस हलाल सर्टिफिकेटचं, पण त्यावर ओतलेला सॉस नाही! आपण "हलाल आहे ना?" एवढं विचारून गप्प बसतो, पण सॉसचं कोण विचारतं? आम्ही चिमिचुरी घेतला. पार्सली, लसूण, ओरेगॅनो, तेल आणि व्हिनेगर. आपल्या हिरव्या चटणीचा दूरचा भाऊ.

"स्टेक कसा हवा?" आमचे हे म्हणाले, "पूर्ण शिजलेला." भाच्याचा चेहरा पडला. "खालू, चामडं होईल. मीडियम घ्या." ह्यांनी हळूच विचारलं, "आणि ते रक्त?"

इथे भाचा खुर्चीत सरसावून बसला. ते लाल पाणी रक्त नव्हेच, म्हणाला. जिबह करताना रक्त वाहून जातं. राहतं ते मांसातलं पाणी आणि त्यात मायोग्लोबिन नावाचं लाल रंगाचं प्रथिन. आच वाढली की तेच तपकिरी होतं. आम्हांला सूरह अनआमची 145वी आयत आठवली, तिथे वाहत्या रक्ताचा उल्लेख आहे. जिबहनंतर मांसात उरलेल्या ओलाव्याला फुकहांनी हराम म्हटलेलं नाही. इतकी वर्षं शाळेत मुलांना शिकवतो, पण कुकरच्या चार शिट्यांपलीकडे हा प्रश्न आमच्यापुढे कधी आलाच नव्हता.

ह्यांनी मीडियम-वेल मागवलं, म्हणजे तडजोड. आम्ही मीडियम. बिस्मिल्लाह म्हणून पहिला घास घेतला. मीठ, धूर आणि मांस, बस. मसाला नाही. जीभ थोडा वेळ मसाला शोधत राहिली, मग थांबली. ह्यांनी शेवटचा तुकडा पावाने पुसून खाल्ला, त्यावरून काय ते समजावं.

भाचा मात्र कमी खात होता. नजर सारखी किचनच्या दाराकडे. "चार वर्षांत पहिल्यांदाच या बाजूला बसलोय," तो म्हणाला. "ग्रिलसमोर उभं राहिलं की प्लेट जाताना दिसते, खाणारा दिसत नाही."

तेवढ्यात त्याचा दोस्त असलेला वेटर, केरळचा, गोड घेऊन आला. हसत हिंदीत म्हणाला, "इसको मॅनेजर ने बाहर सर्व्हिस में बुलाया था, मॅडम. टिप मिलती है, इससे डबल कमाता. नहीं आया." भाच्याने त्याला डोळ्यांनी गप्प केलं. आम्ही विचारल्यावर खाली बघत बोलला, "बाहेर आलो की ग्लास भरावे लागतात, खाला. नाही जमणार."

दारू पिणाऱ्याइतकाच ती वाहून नेणारा आणि पाजणाराही हदीसमध्ये मोजला आहे, हे आम्ही वर्गात सांगत आलो. सांगायला आम्हांला कधी पैसे पडले नाहीत. त्या छताखाली काम करणंच बरोबर की नाही, यावर आलिमांकडे जाऊन विचारता येईल. त्याने स्वतःही विचारलं होतं. दुसरीकडे अर्जही करून ठेवलाय, जिथे दारू नाही अशा अरबी हॉटेलात. पगार कमी आहे. बाजींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, कारण त्याने सांगितलं नव्हतं.

बिलावर आमच्या ह्यांनी हात ठेवला, पण भाचा आधीच उठून देऊन आला होता.

रात्री बाजींना व्हिडिओ कॉल लावला. सगळं सांगितलं, ग्लासांचंही. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. दुपट्ट्याने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "पोराला दे जरा फोन." तो समोर आला तर पहिला प्रश्न हाच, "काय रे, खालूंना कच्चं मांस खायला घातलंस म्हणे?"