मधल्या माणसांची गाडी

महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये कोल्हापूरला बसून थेट गोंदियाला उतरलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. असेलही कुणी, बदलीवर निघालेला एखादा सरकारी नोकर वगैरे. पण अंतर साडेतेराशे किलोमीटरच्या आसपास, वेळ जवळजवळ अठ्ठावीस तास, आणि एवढं सगळं राज्याची हद्द न ओलांडता. कोल्हापूरहून दुपारी निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदियाला टेकते. एवढा वेळ बसणार कोण? या गाडीत सगळे मधले. कुणी साताऱ्याला चढून कोपरगावला उतरणारं, कुणी दौंडहून भुसावळला निघालेलं.

मीही त्यातलीच. माहेर कराड, सासर मलकापूर. लग्न ठरलं तेव्हा आईला पहिला प्रश्न पडला तो जावयाच्या पगाराचा नव्हे, पोरगी येणार-जाणार कशी याचा. वडिलांनी भिंतीवरचं वेळापत्रक दाखवलं. संध्याकाळी कराडला बसायचं, सकाळी मलकापूरला उतरायचं, मध्ये कुठे गाडी बदलायची नाही. आईचा जीव तिथेच निम्मा भांड्यात पडला.

तसं कराडचं स्टेशनही गावात नाही, ओगलेवाडीला आहे. आणि मलकापूरचं स्टेशन बुलढाण्याच्या लोकांना त्याहून लांब. जिल्ह्याचं ठिकाण वर पठारावर, तिथे रेल्वे नाही. राजूर घाट उतरून, मोताळ्यावरून मलकापुरात यायचं, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. माझी जाऊ बुलढाण्याची. गाडी लेट आहे असं मोबाइल सांगत असला तरी ती तासभर आधी स्टेशनवर हजर असते. मोबाइलचा काय भरवसा, म्हणते.

रूळ आमच्या जिल्ह्यात आले ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे. भुसावळहून निघालेली ही लाइन मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असं करत १८६७ साली नागपूरला पोचली. त्यामागे कापूस होता. तेव्हा खामगावची कापसाची बाजारपेठ एवढी मोठी की तिच्यासाठी जलंबहून वेगळा फाटा टाकला आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. तेरा-चौदा किलोमीटरच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय! तो फाटा तिथेच थांबलाय. खामगावहून पुढे जालन्यापर्यंत रूळ न्या, ही मागणी इंग्रजांच्या काळापासूनची. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हा जिल्ह्याचा सगळा दक्षिण भाग अजून रुळांची वाट पाहतोय. दरम्यान समृद्धी महामार्ग त्यांच्या दारावरून गेला.

आमच्या बाजूला लाइन एवढी जुनी असली तरी कोल्हापूर ते विदर्भ अशी सलग गाडी फार पूर्वी शक्यच नव्हती. पुणे ते मिरज, कोल्हापूर हा पट्टा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मीटरगेजचा होता. तिकडचे रूळ एक मीटर रुंदीचे आणि इकडचे साडेपाच फुटांचे, म्हणजे पुण्यात बोचकी उतरवून दुसऱ्या गाडीत चढवणं आलंच. राज्य १९६० साली एक झालं, रूळ एकमापाचे व्हायला त्यानंतर दहाएक वर्षं गेली.

गाडीचा नंबर ११०३९, परतीचा ११०४०. नंबरातही माहिती असते. सुपरफास्ट गाडीचा नंबर बहुधा १२ किंवा २२ने सुरू होतो. तिचा सरासरी वेग ताशी ५५ किलोमीटरच्या वर असावा लागतो आणि तिकिटावर सुपरफास्टचे जादा पैसे लागतात. आमची गाडी त्यात बसत नाही. पन्नाशीच्या आतच रमतगमत जाते.

ती रेंगाळते कुठे, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. थांबे खूप आहेत, लोक बोट त्यांच्याकडेच दाखवतात. पण नांदुऱ्याला गाडी उभी राहते ती दोन मिनिटं. खरा वेळ खाल्ला तो क्रॉसिंगने. पुणे–मिरज आणि दौंड–मनमाड हे दोन्ही मार्ग वर्षानुवर्षं एकेरी होते. रूळ एकच असला की समोरची गाडी येऊन जाईपर्यंत एकीने स्टेशनातल्या लूप लाइनवर उभं राहायचं, आणि थांबायची पाळी बहुधा सुपरफास्ट नसलेलीवर. रात्री कुठल्याशा आडस्टेशनात गाडी उभी. पंखे फिरताहेत, पलीकडून कुत्र्याचं भुंकणं ऐकू येतंय, आणि वरच्या बर्थवरचा माणूस अंधारातच विचारतो, "क्रॉसिंग हाय का?" मग लांबून धडधड येते, दिव्यांची रांग खिडकीतून सरकत जाते, आणि आपली गाडी एक हिसका देऊन निघते. त्यात भर दौंडची. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन तिथे काढून दुसऱ्या टोकाला जोडावं लागे. झोपताना डोकं इंजिनाकडे असलेला माणूस उठेपर्यंत पाय इंजिनाकडे करून झोपलेला असायचा. आता दौंडला वळसा टाळणारी कॉर्ड लाइन झाली आहे, आणि दुहेरीकरणानेही पुष्कळ फरक पडतो आहे.

तिकिटाचं मात्र मधल्या माणसांना आजही जड जातं. गाडीतल्या जागांचा मोठा वाटा सुटण्याच्या स्टेशनाकडे असतो. मधल्या स्टेशनांना मिळून पूल कोटा नावाचा लहानसा वाटा, काही ठिकाणी रिमोट लोकेशनचा. म्हणून तिकिटावर जीएनडब्ल्यूएल चाळीस असेल तरी ते कन्फर्म व्हायची आशा असते, आणि पीक्यूडब्ल्यूएल पंधरा असलं तरी चार्ट लागेपर्यंत जीव टांगणीला. यावर आमच्याकडचा उपाय असा: परत जाताना तिकीट गोंदिया किंवा नागपूरपासून काढायचं आणि बोर्डिंग पॉइंट मलकापूर करून घ्यायचा. पैसे पूर्ण अंतराचे जातात, पण ते नियमात बसतं. बोर्डिंग बदलायला विसरलात तर मात्र टीसी तुमची जागा आरएसीवाल्याला देऊन मोकळा. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. दिवाळीसाठी माझी भावजय त्या दिवशी सकाळी आठला लॉगइन करून बसते.

गाडीला देवदेवस्की भरपूर. कोल्हापूरला अंबाबाई, कोपरगावला उतरून शिर्डी, आणि आमच्या शेगावला गजानन महाराज. महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले ते २३ फेब्रुवारी १८७८ला, म्हणजे इथून गाडी सुरू होऊन दहा-बारा वर्षं उलटल्यावर. गुरुवारी, प्रकटदिनाच्या आसपास मलकापूरहूनच पाय ठेवायला जागा नसते. पहाटे मनमाडच्या पुढे जागं झालं की डब्यातली बोलीही पालटलेली असते. रात्री "वाईच सरका की" म्हणत टेकलेली माणसं उतरून गेलेली, आणि "सरका ना जराक, भाऊ" म्हणणारी आली. जागा दोघांनाही तेवढीच लागते, चौथी सीट.

शेगावची कचोरी हा वेगळा विषय. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी ती इथे सुरू केली असं शेगावात सांगतात. चपटी, आत तिखट मुगाच्या डाळीचं सारण, सोबत तळलेली हिरवी मिरची. माझ्या भावाला वाटतं ही वऱ्हाडी चव. मी दुरुस्त करत नाही.

मधेच कुणीतरी टूम काढतं, गाडी सुपरफास्ट करा, थांबे कमी करा. पुण्या-मुंबईला जायला आमच्याकडे दुसऱ्या गाड्या आहेत, हावड्याच्याही रोज धडधडत जातात. पण नांदुऱ्याच्या माणसाला साताऱ्याला न बदलता नेणारी गाडी काढून त्याला "भुसावळहून पकडा" सांगायचं असेल, तर आधी त्याच्या म्हातारीला घेऊन भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर रात्री बसून पाहा. वेळ वाचवायचाच असेल तर राहिलेलं दुहेरीकरण उरका. आमची दोन मिनिटं राहू द्या.