सजावटीच्या घरगुती कुकी

सजावटीच्या घरगुती कुकी म्हणजे विशिष्ट प्रसंगासाठी घरी भाजलेली, साच्याने आकार दिलेली आणि साखरेच्या रंगीत लेपाने सजवलेली गोड बिस्किटे होत. वाढदिवस, बारसे, डोहाळजेवण, साखरपुडा, विवाह, प्रथम कम्युनियन, नाताळ, दिवाळी अशा निमित्तांनी त्या केल्या जातात. कुकीचा आकार, रंग व तिच्यावरील अक्षरे प्रसंगानुसार ठरवली जातात, हे तिचे प्रमुख वैशिष्ट्य होय. महाराष्ट्रात मुंबई व परिसरातील शहरांत घरून मागणी स्वीकारून अशा कुकी करण्याचा व्यवसाय रूढ झाला आहे. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसरात या कामाला नाताळच्या घरगुती फराळाची जुनी पार्श्वभूमी आहे. किनारपट्टीवरील दमट हवा, कच्च्या अंड्याचा वापर आणि कृत्रिम रंगांची निवड हे या कामातील तीन कळीचे मुद्दे आहेत.

व्युत्पत्ती

‘कुकी’ हा शब्द ‘छोटा केक’ या अर्थाच्या डच शब्दावरून इंग्रजीत आणि तेथून मराठीत आला. ‘बिस्किट’ या शब्दाचे मूळ ‘दोनदा भाजलेले’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दसमूहात आहे. मराठीतील ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेला आहे. भट्टीत भाजलेल्या पदार्थांशी पश्चिम किनाऱ्याचा परिचय युरोपीय लोकांच्या सहवासातून वाढला, याची खूण या शब्दांत दिसते.

इतिहास

साच्याने नक्षी उमटवलेल्या गोड भाकरी व बिस्किटे युरोपात दीर्घकाळ प्रचलित आहेत. दक्षिण जर्मनीतील ‘श्प्रिंगर्ले’ या बिस्किटांवर कोरीव लाकडी साच्याने चित्रे उमटवली जातात. उत्तर क्रोएशियातील मसालेदार बिस्किटांच्या कलेचा समावेश युनेस्कोने २०१० साली मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. तेथील लाल रंगाच्या हृदयाकृती बिस्किटांवर नाव किंवा संदेश लिहून ती भेट देण्याची प्रथा आहे. पिठीसाखर व अंड्याचा पांढरा बलक यांच्या मिश्रणापासून होणाऱ्या कडक लेपास ‘रॉयल आयसिंग’ म्हणतात. राणी व्हिक्टोरियाच्या १८४० मधील विवाहाच्या केकशी या नावाचा संबंध सामान्यतः जोडला जातो.

भारतात नानकटाई हा कुकीचा सर्वपरिचित देशी प्रकार आहे. परंपरागत माहितीनुसार तिचा उगम सुरत येथील डच व्यापाऱ्यांच्या बेकरीशी व ती पुढे चालवणाऱ्या पारशी कुटुंबाशी जोडला जातो. तथापि नानकटाई भाजताना पसरते व तिला भेगा पडतात. त्यामुळे बारीक नक्षीसाठी ती उपयोगी नाही.

प्रसंगासाठी खाऊ सजवण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. संक्रांतीला नववधूसाठी व बोरन्हाणाच्या वेळी बाळासाठी हलव्याचे दागिने केले जातात. त्यातील हलवा तीळ, साबुदाणा किंवा खसखस यांवर मंद आचेवर पाकाचे थर चढवून तयार होतो. गुढीपाडव्याची साखरेची गाठी साच्यात ओतली जाते. लग्नातील रुखवतात खाद्यपदार्थांची कलात्मक मांडणी केली जाते. या सर्व पदार्थांत चवीइतकेच महत्त्व त्यांच्या रूपाला असते, कारण तो खाऊ कोणासाठी व कशासाठी केला आहे, हे त्याच्या रूपावरून कळते.

वसई परिसरातील पार्श्वभूमी

वसई १५३४ मधील तहाने पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी ती जिंकली. सुमारे दोन शतकांच्या या काळात येथे कॅथलिक ख्रिस्ती समाज रुजला. सामवेदी म्हणजेच कुपारी, वाडवळ, कोळी इत्यादी समाजांतील ख्रिस्ती कुटुंबे आजही निर्मळ, गास, भुईगाव, पापडी, नंदाखाल, आगाशी आदी गावांत राहतात. त्यांचे व्यवहार मराठीत व तिच्या स्थानिक बोलींत चालतात.

नाताळसाठी किनारपट्टीवरील कॅथलिक घरांत आधीपासून फराळ केला जातो. गोव्यात व मंगळूर भागात अशा फराळाला ‘कुस्वार’ या नावाने ओळखतात. कुलकुल, नेवऱ्या, मिल्क क्रीम, मार्झिपॅन, पेरूची वडी, रवा व नारळाचा केक हे त्यातील काही प्रमुख पदार्थ होत. कुलकुलाची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा स्वच्छ फणीवर दाबून गुंडाळली जाते. त्यामुळे तिला शिंपल्यासारख्या रेघा येतात. नेवरीची कड कातणाने कापली जाते. मिल्क क्रीम व मार्झिपॅन साच्यात दाबून त्यांना फुले, पाने, मासे असे आकार देतात. युरोपीय मार्झिपॅन बदामाचे असते; पश्चिम किनाऱ्यावर त्याऐवजी काजू वापरण्याची पद्धत आहे.

या पदार्थांतील बहुतेक तळलेले, शिजवलेले किंवा साच्यात घट्ट केलेले असतात. त्यामुळे घरात ओव्हन नसतानाही ते करता येत. घरोघरी विजेचे ओव्हन आल्यावर भाजलेल्या सजावटीच्या कुकींची त्यांत भर पडली. साचा, कातण आणि साखर यांचा सराव असलेल्या हातांना हे काम अपरिचित नव्हते.

साहित्य व कृती

पीठ: नक्षीदार कुकीचे पीठ भाजताना पसरू नये, ही पहिली अट असते. वजनाने एक भाग साखर, दोन भाग लोणी व तीन भाग मैदा हे प्रमाण सोपे व प्रचलित आहे. १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम बिनमिठाचे लोणी व ३०० ग्रॅम मैदा यांत सुमारे सहा सेंटिमीटर व्यासाच्या २५ ते ३० कुकी होतात. चिमूटभर मीठ व वॅनिला किंवा वेलदोडा चवीसाठी घालतात. पीठ कोरडे वाटल्यास एक-दोन चमचे दूध घालतात. बेकिंग पावडर व सोडा टाळतात, कारण फुगल्यामुळे आकाराच्या कडा बिघडतात. पीठ फार मळल्यास मैद्यातील ग्लुटेन बळावते; मग कुकी भाजताना आक्रसते व चिवट होते.

आकार व भाजणी: पीठ दोन बटर पेपरांमध्ये सुमारे सहा मिलिमीटर जाडीचे लाटून अर्धा ते एक तास फ्रीजमध्ये ठेवतात. लोणी सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सियस तापमानाला वितळते. उन्हाळ्यात स्वयंपाकघराचे तापमान याच्या जवळपास जाते, म्हणून पीठ गार करण्याची पायरी वगळता येत नाही. कापलेले आकार १६० ते १७५ अंश सेल्सियस तापमानाला १० ते १४ मिनिटे भाजतात. कडा फिकट सोनेरी झाल्यावर कुकी बाहेर काढून पूर्ण गार होऊ देतात. गरम कुकीवर लेप दिल्यास तो वितळून ओघळतो.

लेप: ४५० ग्रॅम पिठीसाखरेस दोन अंड्यांचा पांढरा बलक किंवा तीन मोठे चमचे मेरँग पावडर व ७५ ते ९० मिलिलिटर पाणी घेतात. लिंबाच्या रसाचे काही थेंब घातल्यास फेटलेला बलक स्थिर राहतो. साखर मलमलीच्या कापडातून किंवा बारीक चाळणीतून गाळणे आवश्यक असते. घरी दळलेल्या साखरेतील एखादा जाड कणही कोनाचे तोंड बंद करू शकतो.

लेपाचे मुख्यतः तीन प्रकार करतात. घट्ट लेपाने फुले व पाने काढतात. मध्यम लेपाने कड व अक्षरे काढतात. पातळ लेपाने कडेच्या आतील भाग भरतात. पातळ लेपाची परीक्षा अशी : भांड्यातील लेपात सुरीने रेघ ओढावी, ती १५ ते २० सेकंदांत मिटली तर लेप योग्य आहे. लवकर मिटल्यास तो कडेबाहेर वाहतो, उशिरा मिटल्यास पृष्ठभाग खडबडीत राहतो. आधी कड काढून, ती थोडी सुकल्यावर आत लेप भरतात. हा थर पूर्ण वाळल्यानंतरच त्यावर नक्षी व नाव काढतात. घाईने दिलेला गडद रंग खालच्या ओल्या पांढऱ्या थरात पसरतो.

दमट हवेचा परिणाम

वसई-विरारच्या पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी व उत्तरेस वैतरणा नदी आहे. पावसाळ्यात येथील हवेची सापेक्ष आर्द्रता वारंवार ८० टक्क्यांच्या वर असते. याचा थेट परिणाम साखरेच्या लेपावर होतो.

लेप वाळतो म्हणजे त्यातील पाणी हवेत जाते व विरघळलेल्या साखरेचे सूक्ष्म स्फटिक बनून कडक थर तयार होतो. हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्यास ही क्रिया मंदावते. सापेक्ष आर्द्रता सुमारे ८५ टक्क्यांपलीकडे गेल्यावर शुद्ध साखर हवेतील पाणी शोषून स्वतःच विरघळू लागते. त्यामुळे मुसळधार पावसाच्या दिवसांत उघड्यावर ठेवलेला लेप कितीही वेळ दिला तरी कोरडा होत नाही. कोरड्या हवेत ८ ते १२ तासांत वाळणाऱ्या थराला दमट हवेत एक दिवस किंवा त्याहून अधिक वेळ लागू शकतो. फार रेंगाळलेल्या ओलीमुळे रंग फुटतात आणि कुकीतील लोणी लेपात झिरपून तेलकट डाग पडतात.

यावर काही उपाय केले जातात. भरलेल्या कुकी लगेच पंख्याच्या वाऱ्याखाली ठेवतात. पावसाळ्यात दारे-खिडक्या बंद करून वातानुकूलित खोलीत त्या वाळवतात, कारण वातानुकूलन यंत्र हवेतील बाष्पही कमी करते. लेप वाळवण्यासाठी फ्रीज उपयोगी पडत नाही. त्यातून बाहेर काढलेल्या गार कुकीवर हवेतील बाष्प साचते व नक्षी बिघडते. वाळलेल्या कुकी हवाबंद डब्यात ठेवतात. नाताळच्या सुमारास हवा तुलनेने कोरडी असल्याने हे काम सोपे जाते. जुलै-ऑगस्टमधील प्रसंगासाठी मात्र एक-दोन दिवस जादा धरावे लागतात.

अंडे, रंग व अन्नसुरक्षा

लेप भाजला जात नाही, म्हणून त्यातील कच्चे अंडे कच्चेच राहते. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. साखरेने किंवा वाळवण्याने ते नष्ट होतीलच असे नाही. लहान मुले, गर्भवती स्त्रिया व वृद्ध यांना त्यांपासून अधिक धोका असतो, आणि बारसे, डोहाळजेवण व वाढदिवस या प्रसंगी खाणाऱ्यांत हेच लोक असतात. त्यामुळे कच्च्या बलकाऐवजी पाश्चरीकृत बलक किंवा मेरँग पावडर वापरणे योग्य ठरते.

मेरँग पावडर ही मुळात वाळवलेल्या बलकाची भुकटी असते. पीठ अंड्याविना असले तरी अशा लेपाची कुकी अंडेविरहित ठरत नाही. भारतीय नियमांनुसार अंडे असलेला पदार्थ मांसाहारी गटात मोडतो. पाकिटावरील त्याची खूण चौकोनातील तपकिरी त्रिकोण ही असून शाकाहारी पदार्थाची खूण चौकोनातील हिरवे वर्तुळ ही आहे. अंडे वर्ज्य असणाऱ्यांसाठी पिठीसाखर, दूध व ग्लुकोज सिरप यांचा लेप करतात. तो कमी कडक होतो व त्याला वाळण्यास अधिक वेळ लागतो. काबुली चणे शिजवलेले दाट पाणी फेटूनही बलकासारखा फेस मिळतो.

भारतात आठ कृत्रिम रंगांना ठरावीक खाद्यपदार्थांत व ठरावीक मर्यादेत परवानगी आहे. मेटॅनिल यलो व ऱ्होडामाइन बी हे रंग खाद्यपदार्थांत वापरण्यास परवानगी नाही. चमकीच्या डबीवर ‘विषारी नाही’ असे लिहिले असले तरी ती खाण्यायोग्य ठरत नाही; ‘खाद्य’ असा स्पष्ट उल्लेख व घटकांची यादी तपासावी लागते. गडद लाल व काळा हे रंग मिळवण्यासाठी रंगाचे प्रमाण बरेच वाढवावे लागते, त्यामुळे लेपाला कडवट चव येते. बीट, हळद, कोको यांचे नैसर्गिक रंग फिकट असतात व कालांतराने उडतात.

घरून विक्री करणाऱ्यासही अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ लागू होतो. या कायद्याखालील २०११ च्या विनियमांनी वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान व्यावसायिकांसाठी परवान्याऐवजी साध्या नोंदणीची तरतूद केली. महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. गहू, दूध, अंडी, काजू, बदाम यांसारखे ॲलर्जीकारक घटक ग्राहकास कळवणे सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

श्रम व मूल्य

सजावटीच्या कुकीची किंमत साध्या बिस्किटापेक्षा बरीच अधिक असते. ही तफावत मुख्यतः वेळामुळे पडते. पहिल्या दिवशी पीठ व भाजणी, दुसऱ्या दिवशी लेपाचा पहिला थर, तिसऱ्या दिवशी नक्षी व बांधणी असे काम तीन दिवस चालते. प्रत्येक कुकीच्या नक्षीला दहा मिनिटे धरली तरी ३० कुकींना पाच तास लागतात. हे काम बहुतांशी स्त्रिया घरकाम सांभाळून करतात. घरच्या कामाचे तास मोजण्याची सवय नसल्याने अनेकदा केवळ मैदा, लोणी व साखर यांच्या खर्चावरून दर ठरवला जातो आणि हाताचे मोल त्यातून सुटते. साहित्य, इंधन, बांधणी व तास अशी स्वतंत्र नोंद ठेवल्यास दर ठरवणे सोपे जाते.

नाताळच्या फराळाचे काम घरातील अनेक जण एकत्र बसून करीत आणि तयार पदार्थ ताटातून शेजाऱ्यांकडे जात. दिवाळीत तिकडून फराळाचे ताट येई. मागणीनुसार केलेली कुकी पैसे घेऊन दिली जाते आणि बहुधा एकटीनेच केलेली असते. मात्र ती कोणासाठी केली आहे, हे कुलकुल व हलव्याच्या दागिन्यांप्रमाणेच तिच्या आकारावरून व तिच्यावर लिहिलेल्या नावावरून कळते.