कॅन्टीनमधले प्लॅस्टिक आणि मोरीतली भांडी

शाळेच्या कॅन्टीनमध्ये एकदाच वापरून फेकायचे प्लॅस्टिक तीन वाटांनी येते. पहिली वाट वाढण्याच्या वस्तूंची: ताटल्या, वाट्या, चमचे, पेले, स्ट्रॉ. दुसरी पॅकबंद खाऊची: वेफर्सची पाकिटे, सॉसच्या पुड्या, पाण्याच्या नि सरबताच्या बाटल्या. तिसरी वाट मुलांना दिसत नाही, कारण ती स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने येते. दुधाच्या आणि तेलाच्या पिशव्या, पावाच्या लाद्यांवरचे वेष्टन, फरसाणाच्या मोठ्या पिशव्या या तिच्यात मोडतात. तिन्हींवर एकच उपाय चालत नाही, म्हणून सुरुवात मोजणीपासून करावी लागते. आठवडाभराचा कचरा बाजूला ठेवून तो वर्गवारीने मोजला, की कोणती वाट किती रुंद आहे ते कळते. पर्यावरणाच्या तासाला विद्यार्थ्यांनीच हे काम केले तर भित्तिपत्रकांच्या स्पर्धेपेक्षा त्याचा उपयोग अधिक.

पहिल्या वाटेचा निकाल कायद्याने केव्हाच लावला आहे. महाराष्ट्र सरकारने 23 मार्च 2018 रोजी प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांनी, 23 जूनपासून, दंड सुरू झाला: पहिल्या वेळी 5,000 रुपये, दुसऱ्या वेळी 10,000, तिसऱ्या वेळी 25,000 रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. 1 जुलै 2022 पासून केंद्र सरकारचीही बंदी देशभर लागू झाली. तिच्या यादीत प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, काटे-चमचे, सुऱ्या, ट्रे, स्ट्रॉ, पेय ढवळण्याच्या काड्या, इतकेच काय, आइस्क्रीमच्या आणि फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्याही आहेत. म्हणजे या वस्तू कॅन्टीनमध्ये ठेवाव्यात की नाहीत हा चर्चेचा विषयच उरलेला नाही.

बंदीनंतर बहुतेक ठिकाणी कागदी पेले आणि ताटल्या आल्या. त्या दिसायला निरुपद्रवी असल्या, तरी चहाने कागद भिजू नये म्हणून पेल्याच्या आत सहसा पॉलिथिनचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी 2020 मध्ये दाखवून दिले, की अशा पेल्यात 100 मिलिलीटर गरम पेय पंधरा मिनिटे राहिले तर त्यात प्लॅस्टिकचे सुमारे 25,000 सूक्ष्म कण उतरतात. हा थर कागदापासून सोडवणे कठीण असल्याने असा पेला रद्दीतही सहसा जात नाही. यंत्रावर दाबलेल्या काही पत्रावळींच्या तळाशीही प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. पान सोलून पाहिल्याशिवाय तो कळत नाही. ‘कंपोस्ट होणारे’ म्हणून विकले जाणारे प्लॅस्टिक कुजायला बरीच उष्णता लागते, ती मोठ्या प्रकल्पात मिळते. शाळेच्या आवारातल्या खतखड्ड्यात ते महिनोन्महिने तसेच पडून राहते. एक फेकायची वस्तू काढून दुसरी फेकायची वस्तू आणण्याने फार काही साधत नाही.

साधते ते धुऊन पुन्हा वापरता येणाऱ्या भांड्यांनी, आणि त्याचा पुरावा दूर शोधायला नको. सरकारच्या पोषण आहार योजनेखाली जिल्हा परिषदेच्या शाळांत खिचडी किंवा भात शिजतो. तांदूळ पोत्यातून येतो, मोठ्या पातेल्यात शिजतो आणि मुले स्टीलच्या ताटलीत जेवून ती नळावर धुतात. या जेवणातून प्लॅस्टिकचा कचरा जवळपास निघतच नाही. तो निघतो शहरातल्या, तुलनेने सधन शाळांच्या कॅन्टीनमधून. पैसा हे त्याचे कारण नव्हे. तिथे भांडी घासायला जागा नसते, माणूस नसतो आणि मधली सुट्टी वीस-पंचवीस मिनिटांची असते. फेकायची ताटली हा खरे तर मोरी टाळण्याचा मार्ग आहे.

कॅन्टीन बहुधा ठेक्यावर चालते. ठेकेदाराला ताटल्यांचे गठ्ठे विकत घेणे सोपे जाते, कारण भांडी घासणाऱ्या बाईचा पगार त्याच्या खिशातून जातो आणि कचरा उचलण्याचा खर्च नगरपालिकेच्या. म्हणून करारातच धुण्याची जागा, पाणी आणि मजुरी यांची तरतूद असायला हवी. ‘प्लॅस्टिक वापरू नये’ एवढ्या एका ओळीने काही बदलत नाही. हिशेबही मांडून पाहण्यासारखा आहे. रोज 300 मुले खाणार आणि शाळा वर्षात 200 दिवस भरणार असे धरले, तर 60,000 ताटल्या लागतात. स्टीलच्या ताटल्या एकदा घेतल्या की कित्येक वर्षे टिकतात. काही चोरीला जातील, काहींना पोचे पडतील, तरी सौदा तोट्याचा ठरत नाही.

घासण्याची घडी बसवली तर गर्दीतही काम होते. मुलांनी खरकटे ओल्या कचऱ्याच्या बादलीत झाडायचे, ताटली पाण्याच्या टबात सोडायची, पुढचे काम कर्मचाऱ्यांचे. साबणाने घासून, गरम पाण्यातून काढून भांडी उभ्या जाळीवर निथळत ठेवली की फडक्याने पुसावी लागत नाहीत. नळ वाहता ठेवण्यापेक्षा टबांत धुतल्याने पाणी बरेच वाचते. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावांत मात्र हा हट्ट धरू नये. तिथे पळसाच्या, काडीने टाचलेल्या साध्या पत्रावळी बऱ्या. खाऊन झाल्यावर त्या खतखड्ड्यात जातात.

प्रत्येक पदार्थाला ताटली लागतेच असेही नाही. वडापाव हातात घेऊन खायचा पदार्थ आहे. तो वर्तमानपत्रात बांधून देणे अन्नसुरक्षेच्या नियमांत बसत नाही, कारण छपाईची शाई अन्नात उतरते. पण मुलाने स्वतःच्या डब्याचे झाकण पुढे केले तर कशाचीच गरज राहत नाही. मिसळ, इडली-सांबार, ताक यांना भांडे हवेच.

दुसऱ्या वाटेवर वेगळा नियम मदतीला येतो. भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार मेद, मीठ किंवा साखर यांचा अतिरेक असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत. हा नियम पोषणासाठी केला असला तरी त्याच्या जाळ्यात सापडतात ते वेफर्स, चॉकलेटे आणि गोड पेये, म्हणजे सर्वाधिक पाकिटे टाकणारा माल. वेफर्सच्या पाकिटात प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, त्यामुळे भंगारवाला ते घेत नाही. त्यांच्या जागी बचत गटाकडून डब्यात येणारे शेंगदाण्याचे लाडू, चिक्की, चुरमुऱ्यांची भेळ, केळी ठेवता येतात. सॉसची पुडी जाऊन बरणीतली चटणी आली तर चवीच्या दृष्टीनेही लाभच. पाण्याच्या बाटल्या विकायच्या बंद केल्या, तर गाळलेल्या पाण्याचे पुरेसे नळ आधी बसवावे लागतात आणि टाकी वेळेवर धुवावी लागते. पालकांचा त्या पाण्यावर विश्वास नसेल तर बाटली दप्तरातून पुन्हा शाळेत येते.

मागच्या दाराचे प्लॅस्टिक पूर्ण थांबवणे कॅन्टीनच्या हातात नाही. तेल डब्यात आणि पाव क्रेटमध्ये मागवता येतो. दुधाची पिशवी बहुतेक ठिकाणी टळत नाही. ती कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, तसाच लटकत ठेवावा, कारण तुटलेला इवलासा तुकडा कचरा वेचणाऱ्याच्या हाती लागत नाही आणि गटारात जातो. पिशवी धुऊन, वाळवून, गठ्ठा बांधून ठेवली तर तिला भाव मिळतो. दुधाने आंबलेली पिशवी कोणी घेत नाही. पुण्यासारख्या शहरात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था दारोदार जाऊन सुका कचरा गोळा करते. इतरत्र जवळच्या भंगारवाल्याशी महिन्याचा वार ठरवून घेता येतो.