एका डॉलरचा करार

श्रोतेहो, ‘धंदेवाईक’ हा शब्द आपल्याकडे थोडा हेटाळणीनेच वापरला जातो. धंदेवाईक नट, धंदेवाईक गवई म्हटले की आपण नाक मुरडतो. टेनिसच्या जगात १९६८ सालापर्यंत हीच समजूत होती आणि ती नियमांत बसवलेली होती. विंबल्डनसारख्या मोठ्या स्पर्धांत फक्त ‘हौशी’ खेळाडूंना प्रवेश असे. विजेत्याला चषक मिळे, पैसा मिळत नसे. म्हणजे उघडपणे मिळत नसे. प्रवासखर्चाच्या नावाखाली पाकिटे हातावर ठेवली जात आणि पाकीट किती जाड असावे हे स्पर्धेचे चालक ठरवीत. ज्याच्या मजुरीची कागदावर नोंदच नाही, त्याची काय गत होते हे आम्ही कामगारांत वावरताना पुष्कळ पाहिले आहे. म्हणून बिली जीन किंग या अमेरिकन खेळाडूच्या कारकिर्दीकडे आम्ही कामगार-कार्यकर्त्याच्या नजरेने पाहणार, हे आरंभीच सांगून टाकतो. त्यांच्या फटक्यांचे सौंदर्य उलगडून दाखवायला आमच्यापेक्षा जाणकार वक्ते आहेत.

किंगबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे झाला. माहेरचे आडनाव मॉफिट. वडील अग्निशामक दलात नोकरीला. टेनिस हा त्या काळी पैसेवाल्यांच्या क्लबांतला खेळ. ही मुलगी तो शिकली सार्वजनिक मैदानावर. शेजाऱ्यापाजाऱ्यांची किरकोळ कामे करून जमवलेल्या आठ डॉलरांत पहिली रॅकेट आली. पुढे लॉस एंजेलिसच्या क्लबात मुलांचा एकत्र फोटो काढायचा होता. हिच्या अंगात टेनिसचा झगा नव्हता, आईने घरी शिवलेली अर्धी चड्डी होती. तेवढ्यावरून हिला फोटोतून बाजूला काढण्यात आले.

१९६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी विंबल्डनचे दुहेरीचे अजिंक्यपद जिंकले. १९६६, ६७ आणि ६८ अशी लागोपाठ तीन वर्षे एकेरीही जिंकली. यांतले १९६८ साल महत्त्वाचे. त्या वर्षी हौशी आणि धंदेवाईक यांच्यामधली भिंत पडली व विंबल्डनने प्रथमच रोख बक्षिसे दिली. पुरुष विजेते रॉड लेव्हर यांना २,००० पौंड मिळाले. स्त्री विजेत्या किंगबाईंना ७५०.

आता या तफावतीची कारणे काय सांगितली जात? पुरुष पाच सेटपर्यंत खेळतात, स्त्रिया तीन. प्रेक्षक पुरुषांसाठी येतात. स्त्रीला कुठे संसार चालवायचा असतो! श्रोतेहो, ही कारणे आपल्या ओळखीची आहेत. बाई वजन उचलत नाही, तिचा पगार म्हणजे घरातली वरकड मिळकत, हे आम्ही कितीतरी मुकादमांच्या तोंडून ऐकले आहे. आपल्या देशात समान मोबदल्याचा कायदा १९७६ साली झाला. समान मोबदला प्रत्यक्षात मिळवण्यासाठी आजही भांडावे लागते.

१९७० साली लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या स्पर्धेत पुरुषांचे पहिले बक्षीस १२,५०० डॉलर आणि स्त्रियांचे १,५०० असे जाहीर झाले. चालक बधेनात. तेव्हा ‘वर्ल्ड टेनिस’ मासिकाच्या प्रकाशिका ग्लॅडिस हेल्डमन यांनी ह्यूस्टन येथे फक्त स्त्रियांची स्पर्धा भरवली. अमेरिकेच्या टेनिस संघटनेने धमकी दिली की तिथे खेळाल तर निलंबित व्हाल. २३ सप्टेंबर १९७० रोजी नऊ स्त्रियांनी हेल्डमनबाईंशी प्रत्येकी एका डॉलरचा करार केला आणि त्या कंत्राटी खेळाडू झाल्या. सात अमेरिकन, दोन ऑस्ट्रेलियन. एकीचे कोपर दुखावले होते, तरी तिनेही सही केली. एकेक डॉलरची नोट हातात धरलेला त्यांचा फोटो आजही पाहायला मिळतो. निलंबनाचे हुकूम निघाले, पण बायका मागे हटल्या नाहीत, आणि त्यातूनच स्त्रियांच्या स्वतंत्र स्पर्धांचा फिरता हंगाम उभा राहिला.

यासाठी पैसा पुरवला तो एका सिगारेट कंपनीने. दमसासाच्या खेळाला धुराचा आश्रय, हे आम्हांला खटकते. अडल्या वेळी दुसरे कोणी पुढे आले नाही हे खरे असले, तरी ते नाव जमाखर्चात लिहून ठेवलेच पाहिजे.

१९७१ साली किंगबाईंची वर्षाची कमाई १,००,००० डॉलरांवर गेली. कोणत्याही स्त्री खेळाडूने एका वर्षात एवढे मिळवल्याचा तो पहिला प्रसंग. कोणी म्हणेल, झाले, प्रश्न सुटला! पण एकटी कमावती झाली म्हणजे बाकीच्यांची भाकरी पक्की होत नाही. शिवाय फूट होतीच. जुन्या संघटनेने आपल्या स्पर्धा वेगळ्या चालवल्या आणि ख्रिस एव्हर्टसारखी उगवती खेळाडू तिकडे होती. पुरुष खेळाडूंनी १९७२ साली आपली संघटना काढली. तीत स्त्रियांना घ्या ही विनंती नाकारण्यात आली.

म्हणून जून १९७३ मध्ये, विंबल्डनच्या तोंडावर, लंडनच्या ग्लॉस्टर हॉटेलात साठांहून अधिक खेळाडू जमल्या. हॉलंडच्या धिप्पाड बेटी स्टोव्ह यांना किंगबाईंनी दाराशी उभे केले, दार लावून घ्यायला सांगितले आणि निर्णय झाल्याशिवाय कोणी बाहेर जाणार नाही असे बजावले. सभेत हो म्हणणारे लोक जिना उतरता उतरता कसे विरघळतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला या दाराचे महत्त्व सांगायला नको! नियमावली आधीच तयार होती. सभा संपली तेव्हा स्त्री खेळाडूंची संघटना स्थापन झाली होती आणि किंगबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष होत्या. पुढे तेच अध्यक्षपद ख्रिस एव्हर्ट यांनी अनेक वर्षे सांभाळले.

अमेरिकन स्पर्धेत १९७२ साली पुरुष विजेत्याला २५,००० आणि किंगबाईंना १०,००० डॉलर मिळाले होते. बक्षीस समान नसेल तर पुढच्या वर्षी खेळणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. नुसती मागणी करून त्या थांबल्या नाहीत. तूट भरून काढणारी कंपनीही शोधून चालकांपुढे उभी केली. १९७३ साली दोन्ही बक्षिसे २५,००० डॉलरांची झाली. स्त्रियांचे ते पहिले समान बक्षीस मिळाले मार्गारेट कोर्ट यांना, ज्या ह्यूस्टनच्या नऊजणींत नव्हत्या. किंगबाईंना आजारपणामुळे तिसऱ्या फेरीतच सामना सोडावा लागला होता. कामगार चळवळीत असे नेहमीच घडते.

लोकांना आठवतो तो मात्र २० सप्टेंबर १९७३ चा सामना. पंचावन्न वर्षांचे बॉबी रिग्ज म्हणत होते, कोणत्याही बाईला हरवीन. कोर्टबाईंना त्यांनी मे महिन्यात हरवलेही होते. ह्यूस्टनला ३०,४७२ प्रेक्षकांसमोर किंगबाईंनी त्यांचा ६-४, ६-३, ६-३ असा पराभव केला. सामना पाच सेटांचा ठरलेला होता, हे तीन सेटांची सबब सांगणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. बाकी तो तमाशाच होता.

१९८१ साली एका स्त्रीशी असलेले त्यांचे पूर्वीचे संबंध कोर्टकज्जामुळे चव्हाट्यावर आले आणि जाहिरातींचे करार भराभर गेले. वकिलांची बिले भागवण्यासाठी त्या खेळत राहिल्या. १९८३ साली एकोणचाळिसाव्या वर्षी विंबल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचल्या. एकेरीची बारा मोठी अजिंक्यपदे त्यांच्या नावावर आहेत. दुहेरी आणि मिश्र दुहेरी धरून एकोणचाळीस.

विंबल्डनने समान बक्षीस दिले ते २००७ साली, म्हणजे अमेरिकेनंतर चौतीस वर्षांनी. स्त्रियांच्या जागतिक सांघिक स्पर्धेला २०२० साली किंगबाईंचे नाव देण्यात आले. त्या स्पर्धेच्या आशिया-ओशनिया गटाचे सामने एप्रिल २०२५ मध्ये आपल्या पुण्यात, म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाले. भारताच्या मुली गटात दुसऱ्या आल्या आणि पुढच्या फेरीत गेल्या.