जुन्या मस्टँगला मागचा अ‍ॅक्सल कोणता?

उभ्या ट्रकच्या मागून वाकून पाहिले, तर दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी फुगवटा दिसतो. त्यात मोठे दंतचक्र आणि त्याला फिरवणारे लहान पिनियन असते. इंजिनाकडून आलेली गती येथे काटकोनात वळते आणि मंदावते. हा फुगवटा व त्याच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या मिळून मागचा अ‍ॅक्सल होतो.

अमेरिकेत 1964 साली आलेली फोर्ड मस्टँग हौशी लोक आजही जपतात. त्यातले अनेकजण सहा सिलिंडरचे मूळ इंजिन काढून आठ सिलिंडरचे बसवतात. जुन्या अ‍ॅक्सलला ते झेपत नाही. त्याच्या दंतचक्राचा व्यास अवघा सव्वासात इंच. मग निवड उरते ती तिघांत : आठ सिलिंडरच्या मस्टँगमधला आठ इंची, फोर्डने 1957 पासून वापरलेला नऊ इंची, किंवा 1995 ते 2001 मधल्या एक्सप्लोरर गाडीचा, भंगारात मिळणारा 8.8 इंची.

व्यासाचे आकडे सगळेच सांगतात. आपण मात्र आतला दांडा पाहू, कारण इंजिनाचा पीळ चाकापर्यंत नेतो तो हा दांडाच. त्याच्या टोकाला दाते असतात. आठ इंचीत 28, एक्सप्लोररमध्ये 31. दात्यांचे माप दोन्हीकडे सारखेच, म्हणून 31 भागिले 28 म्हणजे व्यास सुमारे 1.11 पट झाला. भरीव दांड्याची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. 1.11 चा घन 1.37 च्या आसपास येतो. नुसते दाते मोजून आपण ताकद एक तृतीयांशाहून जास्त वाढल्याचे ओळखले! (पोलाद एकाच प्रतीचे आहे असे धरून.) वर्गात घनाचे उदाहरण द्यायचे तर हे द्यावे.

दुसरी गोष्ट गुणोत्तराची. चाकाचा परीघ 2 मीटर धरला, तर ताशी 100 किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे 833 फेरे घेते. गुणोत्तर 2.80 असेल तर वरच्या गिअरमध्ये इंजिन 2330 फेरे घेईल, 3.55 असेल तर 2960. मोठ्या गुणोत्तराने गाडी झपकन उठते, पण लांबच्या प्रवासात इंजिन ओरडत राहते आणि पेट्रोल पिते.

आता बसवण्याचे बघू. 1965 च्या मस्टँगचा अ‍ॅक्सल सव्वासत्तावन्न इंच रुंद, एक्सप्लोररचा साडेएकोणसाठ, शिवाय त्याचा फुगवटा एका बाजूला सरकलेला. म्हणून लांब बाजूची नळी सुमारे तीन इंच कापून तेथेही आखूड बाजूचाच दांडा घालतात. पाट्यांच्या बैठका नव्याने वेल्ड कराव्या लागतात, आणि खरी कसोटी येथेच असते. कोनात फिरणारा युनिव्हर्सल जॉइंट प्रत्येक फेऱ्यात दोनदा गती वाढवतो, दोनदा घटवतो. पुढच्या व मागच्या जॉइंटचे कोन सारखे असले तरच हे चढउतार एकमेकांना मारतात. नाहीतर गाडी थरथरते. म्हणून गाडीचा भार चाकांवर असतानाच कोन मोजून बैठका पक्क्या करतात.

एक धोका मात्र दुर्लक्षू नये. एक्सप्लोररचा दांडा आतल्या टोकाला सी आकाराच्या क्लिपने अडकलेला असतो. दांडा मध्येच तुटला तर चाक दांड्यासकट बाहेर सरकू शकते. आठ व नऊ इंचीत दांडा चाकाजवळच्या बेअरिंगपाशी पट्टीने धरलेला असल्याने चाक जागेवर राहते. आमच्या मते साध्या रस्त्यावरच्या, माफक ताकदीच्या गाडीला आठ इंचीच पुरे आहे. नऊ इंचीसाठी जास्तीचे पैसे शर्यतवाल्यांनी मोजावेत.

आणखी एक. सहा सिलिंडरच्या मस्टँगची चाके चार बोल्टांची, तर हे अ‍ॅक्सल पाच बोल्टांचे. म्हणजे पुढचे हब व ब्रेकही बदलणे आले, नाहीतर डिकीतली स्टेपनी गाडीच्या एकाच टोकाला चालेल.